देवापुढे जाताना : इंदूरमधल्या मराठी उपासकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. तिथे आमची उपासना मराठीत, गीतं मराठीत, मर्तिकाची प्रार्थनाही मराठीत. लग्न होऊन इंदूरला आले तर चर्चमधलं सगळं हिंदीत. पाळकांना पासबान म्हणतात, मंडळीला कलीसिया, आणि भेटल्यावर ‘जय मसीह की’. आता तेही माझंच झालंय. पण इथे येणारी मराठी माणसं, कुणी नोकरीसाठी आलेली, कुणी माझ्यासारखी लग्न होऊन, कुणी पिढ्यान् पिढ्या इथलीच, उपासना संपली की आवारात मला गाठतात आणि हळूच मराठीत विचारतात. त्यांच्या प्रश्नांना दिलेली ही उत्तरं. मी पाळक नाही. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवता शिकवता आणि शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता वाचता जे समजलं ते लिहितेय. मी प्रॉटेस्टंट आहे. कॅथलिक रीत वेगळी असेल तिथे तसं सांगितलंय.

देवासमोर भीत भीत जायचं का?

‘परमेश्वराचे भय’ हे शब्द शास्त्रात इतक्यांदा येतात की हा प्रश्न येणारच. मराठीत भय म्हटलं की साप आठवतो, काळोख आठवतो. ज्याचं भय वाटतं त्याच्यापासून माणूस लांब पळतो. शास्त्रातलं भय मात्र माणसाला जागच्या जागी थांबवतं आणि मग जवळ नेतं. आपल्याकडे ‘भीड’ आणि ‘आदब’ असे दोन शब्द आहेत, ते मला त्याच्या जास्त जवळचे वाटतात.

यशयाचा सहावा अध्याय काढून बघा. उज्जीया राजा वारला त्या वर्षी यशया संदेष्ट्याला मंदिरात देवाचं दर्शन झालं. सराफीम, म्हणजे देवापुढचे स्वर्गीय सेवक, तोंड झाकून ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असा घोष करत होते, उंबरठे हादरत होते, घर धुरानं भरलं होतं. यशया म्हणाला, माझं आता काही खरं नाही, माझे ओठ अशुद्ध आहेत. यावर देवानं त्याला हाकलून दिलं नाही. वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावला गेला, त्याचं पाप दूर झालं, आणि लगेच त्याला विचारणा झाली की आमच्यासाठी कोण जाईल. थोड्या वेळापूर्वी ‘मी मेलो’ म्हणणारा माणूस म्हणतो, ‘मला पाठव.’ आधी धसका, मग क्षमा, मग काम. आमच्या उपासनेचा क्रमही जवळजवळ हाच असतो: स्तुती, पापांची कबुली, क्षमेचं वचन, शास्त्रपाठ आणि उपदेश, आणि शेवटी आशीर्वाद घेऊन बाहेर पडणं. वर्षानुवर्षं उपासनेला जाऊनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हटलंय की कृपेच्या राजासनाजवळ धैर्यानं या. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात म्हटलंय की आदरानं आणि भय धरून सेवा करा, कारण आपला देव भस्म करणारा अग्नी आहे. दोन्ही एकाच पत्रात आहेत. यातलं सोयीचं तेवढं उचलून चालत नाही.

देवाला ‘तू’ म्हणायचं की ‘आपण’? ‘तू’ म्हणणं उद्धटपणाचं नाही का?

हा प्रश्न मला इंदूरमध्येच जास्त विचारतात आणि त्याला कारण आहे. हिंदी उपासनेत ‘प्रभु यीशु कहते हैं’ असं आदरार्थी बोलतात. मराठी शास्त्रात मात्र ‘येशू म्हणाला’. सासरी आल्यावर पहिल्यांदा मी मोठ्यानं मराठीत प्रार्थना केली, तेव्हा माझी जाऊ, जी हिंदीतच वाढलेली, नंतर म्हणाली, ‘आप प्रभु से ऐसे बात करती हैं, जैसे घर का कोई हो।’ तिनं ते तक्रार म्हणून म्हटलं होतं की कौतुकानं, हे मला अजून कळलेलं नाही. पण तिनं नेमकं ओळखलं होतं.

मराठीत आपण ‘तू’ कुणाला म्हणतो? आईला. मित्राला. आणि देवाला. वडिलांना पुष्कळ घरांत ‘अहो बाबा’ म्हणतात, पण आईला कुणी ‘अहो आई’ म्हणत नाही. (सासूबाईंची गोष्ट वेगळी.) ज्ञानोबा-तुकोबांपासून विठ्ठलाला ‘तू’ म्हणण्याची सवय या भाषेच्या हाडात आहे आणि मराठी ख्रिस्ती माणसालाही ती वारशातच मिळाली. तेव्हा मराठीतला ‘तू’ हा अनादर नाही, जवळीक आहे.

येशूनं बापाला हाक मारली ती ‘अब्बा’ अशी. हा अरामी शब्द, घरात मुलं बापाला मारतात ती हाक. मार्कच्या चौदाव्या अध्यायात, गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री तो शब्द येतो. पण पुढचं वाक्य वाचा: माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. जवळीक आणि शरणागती एका दमात. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हटल्याबरोबर पहिलं मागणं भाकरीचं येत नाही, ‘तुझे नाव पवित्र मानिले जावो’ हे येतं. बापाचं नाव घेताना जीभ जपून वापरायची, एवढं त्यात आलंच. ‘बाय गॉड’ आणि ‘येशूची शपथ’ उठता-बसता तोंडी असतील, तर तिकडे आधी लक्ष द्या. ‘तू’ आणि ‘आपण’चा निर्णय नंतर केला तरी चालेल.

चपला बाहेर काढायच्या का? डोक्यावर पदर घ्यायचा का?

मोशेला जळत्या झुडपापाशी पायतण काढायला सांगितलं होतं, कारण ती जागा पवित्र होती. नगर भागातल्या खेड्यांत आमच्या लोकांनी तेच धरलं, सतरंजीवर बसायचं आणि चपला दाराबाहेर. इंदूरच्या चर्चमध्ये बाकं आहेत, इथे बहुतेक जण बूट घालूनच बसतात. दोन्ही चालतं. पदराचंही तसंच. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला डोकं झाकण्याविषयी लिहिलं, काही मंडळ्या ते आजही पाळतात, काही पाळत नाहीत. ज्या चर्चमध्ये जाल तिथली रीत बघा आणि तशा वागा. पाहुण्यानं घरमालकाची रीत पाळावी, यातही नम्रता आहेच.

कपडे स्वच्छ असावेत, अंग झाकणारे असावेत. महाग असण्याची गरज नाही.

गुडघे टेकावेत, उभं राहावं की बसावं?

शास्त्रात सगळं आहे. शलमोन गुडघे टेकून, हात आकाशाकडे पसरून प्रार्थना करत होता. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. येशू गेथशेमानेत पालथा पडला आणि शेवटच्या भोजनानंतर त्यानं नजर वर करून प्रार्थना केली. गुडघे टेकणं म्हणजेच खरी नम्रता असं मानणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: 325 साली निकेयाला भरलेल्या परिषदेच्या विसाव्या नियमानं ठरवलं होतं की रविवारी आणि पुनरुत्थानाच्या सणापासून (ईस्टरपासून) पन्नासाव्या दिवसापर्यंत उभं राहूनच प्रार्थना करावी. त्या दिवसांत गुडघे टेकू नयेत, कारण प्रभू उठला आहे.

कॅथलिक चर्चमध्ये बाकाला गुडघे टेकण्यासाठी फळी असते आणि मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, ठरलेल्या जागी सगळे टेकतात. आमच्याकडे प्रार्थनेला कुणी उभं राहतं, कुणी बसून डोकं वाकवतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल बसावं. माझ्या सासूबाई शेवटची सहा वर्षं खुर्चीतून उठू शकल्या नाहीत. प्रार्थनेच्या वेळी त्या फक्त चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या. आम्ही सगळ्यांनी त्यालाच त्यांचं गुडघे टेकणं मानलं.

मी प्रभुभोजनाच्या लायकीची नाही असं वाटतं. अशा वेळी घ्यावं का?

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेणं. हा प्रश्न विचारणाऱ्यांचा आवाज सगळ्यात हळू असतो, म्हणून याला सगळ्यात जास्त जागा देतेय.

आधी पौलाचं ते वाक्य, ज्याला सगळे घाबरतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो म्हणतो की जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल, तो प्रभूच्या शरीराविषयी आणि रक्ताविषयी दोषी ठरेल. पुष्कळ जण हे वाक्य ऐकून बाकावर बसून राहतात. पण पौल हे का लिहितोय ते त्याच्या आधीच्या ओळींत आहे. करिंथमध्ये मंडळी जेवायला जमायची तेव्हा श्रीमंत आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल चिडला तो यावर. त्याचा उपायही साधा आहे: एकमेकांसाठी थांबा. त्यानं म्हटलंय ‘अयोग्य प्रकारे’, म्हणजे खाण्याची तऱ्हा अयोग्य. ‘अयोग्य माणसानं’ असं म्हटलेलं नाही. स्वतःची परीक्षा करा असं तो सांगतो, पण पुढचे शब्द आहेत: ‘आणि मग खावे’.

आता दुसरी गोष्ट. ती लक्षात आली तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद (त्यांच्याकडचं प्रभुभोजन) घेण्याच्या अगदी आधी सगळे म्हणतात, प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी लायकी नाही, पण तू एक शब्द बोल. हे शब्द मत्तयाच्या आठव्या अध्यायातल्या रोमी शताधिपतीचे आहेत. तो यहुदी नव्हता, परक्या फौजेचा अंमलदार होता. अँग्लिकन परंपरेत, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या प्रॉटेस्टंट परंपरेत, जी आज इथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग आहे, एक जुनी प्रार्थना आहे. 1548 साली इंग्लंडच्या चर्चनं प्रभुभोजनाचा विधी इंग्रजीत आणला तेव्हापासूनची. तिच्यात म्हणतात, प्रभू, तुझ्या मेजाखाली पडलेला चुरा वेचण्याचीही आमची लायकी नाही. तो चुरा आला कुठून? मत्तयाच्या पंधराव्या अध्यायातल्या कनानी बाईकडून. तीही परकी, मुलीसाठी मागे मागे ओरडत येणारी, जिला शिष्य घालवून द्या म्हणत होते. म्हणजे इंदूरच्या दोन्ही परंपरांमध्ये, प्रभूच्या मेजाजवळ जाताना आपण उसने शब्द घेतो ते प्रेषितांचे नाहीत, याजकांचे नाहीत. बाहेरच्या दोन माणसांचे आहेत. आणि येशूनं त्या दोघांच्या विश्वासाचं कौतुक केलं आहे.

तेव्हा लायकी नाही असं वाटत असेल, तर तुम्ही योग्य रांगेत आहात.

घेण्याची पद्धत विचारतात म्हणून सांगते. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना शिकवायचे की राजाला घ्यायचं असल्यासारखं डाव्या हाताचं उजव्या हातासाठी आसन करा. मराठी माणसाला हे शिकवावंच लागत नाही, तीर्थ-प्रसादाला आपला हात असाच पुढे होतो. आमच्या मंडळीत एक आजोबा आहेत, इंदूरच्या कापड गिरणीत हयात घालवलेले. उजव्या हाताची दोन बोटं मशीननं नेली. भाकर घेताना ते तो हात डाव्या तळव्यावर ठेवतात आणि दोन बोटांच्या जागेतून तुकडा खाली पडू नये म्हणून डावा तळवा खोलगट करतात. मी दर वेळी बघते. एकही कण खाली पडलेला मी पाहिलेला नाही.

नियमांबद्दल थोडक्यात: कॅथलिक चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांनाच देतात. आमच्याकडे बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास मंडळीसमोर कबूल करण्याचा विधी) यांविषयी विचारणा होते. पाहुणे असाल तर आधी पाळकांना किंवा फादरना विचारा. विचारायला लाजू नका.

‘लांब उभं राहणं’ हीच नम्रता ना? जकातदारानं तेच केलं.

लूकच्या अठराव्या अध्यायातला दाखला: परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, पुढे उभा राहून आपले उपास आणि दशांश देवाला मोजून दाखवतो, जकातदार दूर उभा राहतो, वर पाहायलाही धजत नाही, ऊर बडवून म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

दाखला मला तोंडपाठ आहे. पण ‘दूर उभा राहून’ हे शब्द आमच्या घरात नुसते वाचले जात नाहीत. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घराण्यांप्रमाणे आमचं घराणंही गावकुसाबाहेरचं. माझ्या पणजोबांना देवळापासून लांब उभं केलं जाई, विहिरीपासून लांब, सावली पडू नये इतकं लांब. त्यांना कुणी नम्रता शिकवण्याची गरज नव्हती. ती त्यांच्यावर लादलेलीच होती आणि तिला नम्रता म्हणणं खोटं आहे. ते चर्चमध्ये आले तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांच्या ओळीत सतरंजीवर बसले. माझी आजी सांगायची, त्या दिवशी ते घरी येऊन रडले.

म्हणून मी फरक करते. जकातदार आपणहून थांबला. त्याला तिथे कुणी उभं केलं नव्हतं. आणि देवाकडचं उत्तर काय होतं, तर येशू मेला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरून, म्हणजे देवाच्या बाजूनं. जो पडदा लोकांना परमपवित्र स्थानापासून लांब ठेवत होता, तोच. देवापुढे नम्र होणं म्हणजे बोलावणारा कोण आहे हे ओळखून जवळ जाणं. दुसऱ्या माणसाला लांब उभं करण्याचा अधिकार त्यातून कुणालाच मिळत नाही.

मग नम्रता म्हणजे सहन करत राहणं का? घरात मार खाणाऱ्या बाईनं काय करायचं?

नाही. ‘नम्र राहा, प्रार्थना कर, सगळं ठीक होईल’ असं मार खाणाऱ्या बाईला सांगणं मी ऐकलेलं आहे. सांगणारे देवाचं नाव चुकीच्या कामाला लावतात. येशूच्या आईनं, मरियेनं, स्वतःला प्रभूची दासी म्हटलं आणि त्याच अध्यायात तिनं गायलं की देवानं अधिपतींना राजासनावरून खाली ओढलं आणि दीनांस उंच केलं. तिचा माथा देवापुढे झुकला, हेरोद राजापुढे नाही. मदत घ्या, माहेरी जा, पोलिसांत जा, आणि मग प्रार्थनाही करा.

चर्चमध्ये पुढे बसावं की मागे?

जागा असेल तिथे. पण याच संदर्भात मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वीच्या नाताळात गर्दी होती. दोन बायका दारात आल्या, कामावरून थेट, साडीचा ओचा तसाच खोचलेला. पुढच्या बाकावर मी माझ्या पाहुण्यांसाठी पर्स आणि शाल ठेवून जागा धरली होती. मी त्यांना हातानं मागची भिंत दाखवली. त्या गेल्या, उभ्या राहिल्या. माझे पाहुणे आलेच नाहीत. पूर्ण उपासनाभर माझ्या शेजारी माझी पर्स बसली होती.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच चित्र आहे, अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिकडे उभा राहा’. मी ते मुलांना शिकवलं होतं. त्या दोघी पुन्हा दिसल्या नाहीत. आता मी नाताळाला दारापाशी उभी राहते आणि येणाऱ्याला जागेपर्यंत सोडते.

गिटार, टाळ्या, नाच हे अनादराचं आहे का?

दुसऱ्या शमुवेलाच्या सहाव्या अध्यायात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. बैल अडखळले म्हणून उज्जा नावाच्या माणसानं कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, हातानं धरला आणि तो तिथेच मेला. आणि त्याच कोशापुढे दावीद राजा सगळा जोर लावून नाचला. त्याची बायको मीखल खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, राजाला हे शोभत नाही. दावीद म्हणाला, मी याहूनही हलका होईन. त्याचा नाच अनादर ठरला नाही, कारण नाचताना आपण राजा आहोत हे तो विसरला होता.

मला वाटतं कसोटी हीच आहे. गाणाऱ्याचं लक्ष कुठे आहे? मराठी मंडळ्यांत हा वाद जुना आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि त्यांनी अभंग आणि भजनाच्या वळणाची गीतं उपासनेत आणली. पेटी, तबला, टाळ घेऊन ती गाताना माझी आजी डोळे मिटून डोलायची. इंग्रजी चालीवरच्या गीतांना ती उभी राहायची, पण डोलायची नाही. इंदूरची तरुण मुलं आज हिंदी गाणी गिटारवर म्हणतात. आवाज मला जरा जास्त वाटतो, हे खरं आहे. पण मी खिडकीतली मीखल होऊ नये म्हणून जपते.

मोठ्यानं, लांबलचक प्रार्थना जास्त पोचते का?

उपदेशकाचा पाचवा अध्याय सांगतो, देव स्वर्गात आहे, तू पृथ्वीवर आहेस, म्हणून तुझे शब्द थोडे असावेत. येशूनं शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हटली तरी मिनिटभरात संपते. मूल मागणाऱ्या हन्नाचे तर नुसते ओठ हलत होते, एली याजकाला ती दारू प्यायलीय असं वाटलं, आणि तिचंच ऐकलं गेलं. प्रार्थनासभेत बोलायची पाळी आली की काहींची प्रार्थना उपदेश होते, काहींची बातमीपत्र. शेजारणीच्या मुलानं काय केलं हे देवाला माहीत आहे, ते सभेला सांगायची गरज नाही.

मोबाइलचं काय?

बंद करा. मोबाइलवर शास्त्र वाचत असाल तर आवाज आणि नेट दोन्ही बंद. प्रभुभोजनाचे आणि प्रार्थनेत असलेल्या माणसांचे फोटो काढू नका, बाप्तिस्म्याचे विचारून काढा.

लहान मुलं गोंधळ करतात. घरी ठेवून यावं का?

घेऊन या. येशूनं मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर राग केला होता, मुलांवर नाही. फारच रडलं तर व्हरांड्यात फिरवा आणि परत आत या.

घरी शास्त्र कसं ठेवावं? रोजची प्रार्थना कशी करावी?

माझी आजी पवित्र शास्त्र उघडण्याआधी हात धुऊन पदराला पुसायची. मिटल्यावर ते कपाळाला लावायची. त्याच्यावर दुसरं काहीही ठेवू द्यायची नाही, चष्मासुद्धा नाही. तसा नियम शास्त्रात कुठेच नाही. पण ती अठरा वर्षांची होईपर्यंत निरक्षर होती आणि याच पुस्तकावर वाचायला शिकली, हे कळल्यावर मीही त्याच्यावर काही ठेवणं सोडलं. एवढंच लक्षात ठेवा की कपाटात रेशमी कापडात जपलेल्या शास्त्रापेक्षा हळदीचं बोट लागलेलं शास्त्र बरं.

वेळ ठरवा. येशू म्हणाला, खोलीत जा, दार लाव. इंदूरच्या दोन खोल्यांच्या घरात दार लावता येत नाही हे मला माहीत आहे. मी पहाटे, कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजायच्या आधी, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहते. आधी गप्प राहते. मग आभार, मग कबुली, मग मागणं. मागणं शेवटी ठेवलं की यादी आपोआप छोटी होते, असा माझा अनुभव आहे.

देवाचा राग आलाय. अशा मनानं प्रार्थना करणं पाप आहे का?

स्तोत्रांमध्ये कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरीही ते शास्त्रात आहे. येशू वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ ओरडला, की तू माझा त्याग का केलास. पण ती हाकसुद्धा ‘माझ्या देवा’ अशी आहे. भांडा, पण त्याच्याशीच भांडा. पाठ फिरवून इतरांकडे त्याची चहाडी करण्यापेक्षा ते जास्त आदराचं आहे. माझा भाऊ गेला तेव्हा चार महिने मी ‘का’ याच्या पुढे काही बोलू शकले नाही. मंडळीतल्या बायका माझ्या शेजारी बसून माझ्या वाटची प्रार्थना म्हणत.

कुणाशी भांडण असेल तर उपासनेला यावं का?

येशूनं सांगितलंय: अर्पण वेदीपाशी आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. लक्ष द्या, ‘तुझ्या मनात’ नाही, ‘भावाच्या मनात’. म्हणजे आपलं चुकलंय की नाही हे ठरवत बसायचं नाही, उठून जायचं.

हे किती अवघड आहे याचं उदाहरण इंदूरनं जवळून पाहिलंय. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगीण इंदूर धर्मप्रांतात उदयनगर भागातल्या गरीब आदिवासींमध्ये काम करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसनं प्रवास करताना त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टर, पुढे तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला भाऊ मानून राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. आम्ही प्रॉटेस्टंट असूनही तेव्हा शहरातल्या आमच्या घरांत त्याच गोष्टी चालल्या होत्या. वाटणीवरून नणंदेशी सात वर्षं न बोललेली एक बाई मला म्हणाली, ताई, मला तर नुसता फोन करायचा आहे. तिनं तो केला.

समेट समोरच्याच्याही हातात असतो, हे खरं. तुम्ही गेलात, त्यानं दार लावलं, तर अर्पण घेऊन या.

ख्रिस्ती नसताना चर्चमध्ये आलं तर चालतं का?

चालतं. व्हाइट चर्च काय, रेड चर्च काय, इंदूरमध्ये नाताळाला येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती हे सांगता येणार नाही. शांत बसा, उभं राहायच्या वेळी सगळ्यांबरोबर उभे राहा. जी प्रार्थना तुमची नाही ती म्हणण्याची सक्ती नाही. वेदीच्या कठड्यापलीकडे जाऊ नका. इंदूरच्या माणसाला दुसऱ्याच्या देवाचा मान वेगळा शिकवावा लागत नाही. ज्या अहिल्याबाई हुकमाखाली स्वतःचं नाव न लिहिता ‘श्री शंकर’ लिहीत, त्यांचं हे शहर.

उशीर झाला तर आत यावं की परत जावं?

आत या. प्रार्थना किंवा शास्त्रपाठ चालू असेल तर दारापाशी थांबा, गीत सुरू झालं की चपलांचा आवाज न करता जवळच्या बाकापर्यंत या. जागा दिसली नाही तर दारापाशी बघा, मी उभी असेन. कुणीतरी सरकेल.